वायोमिंगची पाटी

"अगं ए, पाटी काढतेयस की गाडीच उलटवतेयस?"

मी दचकून वर पाहिलं. वायोमिंगमधल्या लॅरमी गावच्या त्या पिसाट वाऱ्यात एका हातानं टोपी डोक्यावर दाबून धरलेला एक उंच मुलगा... चेहरा गंभीर, डोळे मात्र हसणारे. घरून, विस्कॉन्सिनहून आणलेल्या माझ्या जुन्या गाडीची नंबरपाटी मी काढत होते आणि गंजलेले स्क्रू जागचे हलायला तयार नव्हते.

"तुमच्या राज्यात हसायला पैसे पडत नाहीत वाटतं?"

"आम्हाला नाही. बाहेरच्यांना पडतात."

खिशातून पक्कड काढून तो खाली बसला. कॅल हेगरमन. घरच्या मेंढ्या, आणि माझ्याच विद्यापीठात शिकायला. तो स्क्रू काढत होता आणि मी माझी कर्मकहाणी सांगत होते. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना इथं फी कितीतरी जास्त. पहिल्याच वर्षी माझी सगळी पुंजी संपली. आता वर्षभर शिक्षण थांबवून इथं नोकरी करायची, कर इथं भरायचा, गाडीचा परवाना, पाटी सगळं इथलं करायचं. मग विद्यापीठानं इथली मानलं तर शिकायचं, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून घरी.

"सोपा उपाय आहे," सुटलेली पाटी माझ्या हातात देत तो म्हणाला. "इथल्याशी लग्न कर. बायकोला इथलीच धरतात."

"सवलतीतला नवरा नको मला!"

तो हसला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या... वाऱ्यानं असतील.

मी पशुखाद्याच्या दुकानात नोकरी धरली. कॅल दर आठवड्याला यायचा आणि एकच पोतं न्यायचा.

"एकदम का नेत नाहीस?"

"मेंढ्यांना ताजं लागतं," तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा मी त्याच्या कुरणावर मदतीला गेले. गारठलेलं एक कोकरू त्यानं अलगद माझ्या कोटाच्या आत सरकवलं, स्वतःचे हातमोजे मला दिले आणि उघड्या हातांनी पुढच्या मेंढीकडे वळला. रात्रभर झोप नाही, तरी एका शब्दानं चिडचिड नाही. असा माणूस मी पाहिला नव्हता. मी प्रेमात पडले होते, चांगलीच! पण सांगू कशी? लोक म्हणाले असते, फीसाठी गळ्यात पडली. लोकांचं सोडा, मलाच तसं वाटलं असतं. आणि तोही... गप्पच.

उन्हाळ्यात चार दिवस विस्कॉन्सिनला घरी गेले. बाबांनी नेहमीसारखं तळ्यावर मासे धरायला नेलं. मासेमारीचा परवाना देणारा दुकानदार मला लहानपणापासून ओळखणारा. काही न विचारताच त्यानं अर्जावर मला 'इथली रहिवासी' लिहून टाकलं.

"कर की सही," बाबा म्हणाले. "इथलीच तर आहेस."

पेन हातात होतं. पण माणूस एकाच वेळी दोन राज्यांचा रहिवासी कसा असेल? ही सही केली की वायोमिंगवरचा माझा हक्क गेला.

"मला... बाहेरची म्हणून द्या," मी म्हणाले.

होडीत बाबांनी आमिष लावून गळ पाण्यात सोडला.

"म्हणजे खरंच गेलीस तर."

मी वल्हं उगाचच पाण्यात फिरवलं.

"आल्यापासून मेंढ्यांबद्दलच बोलतेयस," गळाकडे पाहत ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे ना?"

"फार चांगला आहे, बाबा."

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचा होकार आला. मी गाडी काढली ती थेट त्याच्या कुरणावर. तो कुंपणाची तार ताणत होता.

"झालं, कॅल! मी इथली!"

त्यानं आनंदानं आरोळी ठोकली... आणि मग अवघडून टोपी सारखी केली.

"अभिनंदन, ग्रेटा."

"एवढंच?"

त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "वर्षभर थांबलोय मी. सवलतीतला नको म्हणाली होतीस ना? म्हटलं, आधी तू स्वतःच्या बळावर इथली हो. मग विचारीन... तुला माझी गरज उरणार नाही तेव्हा."

"नाहीच उरली," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला.

"आता नुसता हवा आहेस."

वाऱ्यानं त्याची टोपी उडवली आणि थेट मेंढ्यांच्या कळपात नेली. पण टोपी धरायला त्याचा हात मोकळा नव्हता. दोन्ही हात माझ्या हातांत होते.