लाल दोऱ्याची वायर

थोरल्या मुलाला कुठलंही यंत्र सुखाने मरू द्यायचं नसतं, ही माईंची जुनी तक्रार. परवा संध्याकाळी मिक्सर जरा घरघरला. माई म्हणाल्या, दुरुस्तीला टाकून ये. ऐकेल तो थोरला कसला! डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर, ओठांत दोन स्क्रू, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, आणि चादरीवर मिक्सरची आतडी. इस्त्री गेली तेव्हा हेच. पंखा गेला तेव्हा हेच. चार-चार दिवस खोलून बसेल, पण 'गेलं' हा शब्द तोंडातून काढणार नाही. वर दटावणी, "पसाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. एक स्क्रू हरवला तर मग मला विचारू नका."

दोन दिवस माई टेबलाच्या कोपऱ्यावर ताट टेकवून जेवत होत्या आणि आतल्या आत धुमसत होत्या.

अशात आज दुपारी खालून धाकट्या सुनेची हाक आली. "आई, खाली या! लवकर!"

आवाज चिरका होता. धाकटी कधी ओरडायची नाही. माई गुडघ्यांना शिव्या देत जिना उतरल्या.

खाली त्यांचा फोटो स्टुडिओ. राखाडी पडदा, स्टँडवरचे दोन दिवे, पुढे काउंटर, मागे लाकडी आडोशापलीकडे लॅपटॉप आणि प्रिंटर. भिंतीवर दहा मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. हा स्टुडिओ माईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने उभा केला होता. माईंची शाळा दुसरीत सुटली, पण मिट्ट काळोखात नुसत्या बोटांनी फिल्म चढवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्यामागे कारभार थोरल्याकडे आला. दोन वर्षांपासून फोटो धाकटी काढायची, आणि लॅपटॉपचं काम जावई बघायचा.

तिघेही लॅपटॉपभोवती उभे होते. कॅमेरा टेबलावर, त्याला वायर लावलेली.

"संपलं," थोरला हाताची घडी घालून म्हणाला. "कॅमेरा गेला. वायर लावायचं तोंडच तुटलंय. हिने शनिवारी पाडला, दुसरं काय!"

"मी पाडलेला नाही, दादा." धाकटी म्हणाली.

"मग लॅपटॉपला तो दिसत का नाही? हवेने बिघडला?"

"आधी गप्प बसा दोघंही," माई म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही सांगा. काय झालंय?"

जावई घसा खाकरून म्हणाला, "आज गुरुवार ना, आई. आठवड्याचे फोटो उतरवायचा दिवस. आत्ता अडीचला वायर लावली. लॅपटॉप ढिम्म. बंद करून चालू केला, कॅमेरा बंद करून चालू केला. काही नाही. आणि पाचला घड्याळजींची मुलगी येतेय."

"कशाला?"

धाकटीने उत्तर दिलं. "घड्याळजी सोमवारी गेले, आई."

माई स्टुलावर बसल्या. चौकातला तो घड्याळदुरुस्तीवाला शनिवारीच तर इथे त्या पडद्यासमोर बसला होता. जन्मभर प्रत्येक फोटोत कपाळाला आठ्या. धाकटीने त्याला म्हटलं, काका, ते भिंतीवरचं घड्याळ बघा, आम्ही त्याच्यावर दुकान चालवतो. आणि म्हातारा जो खदखदून हसला!

"मुलगी साडेपाचला परगावी निघतेय," धाकटी म्हणाली. "तिच्याकडे त्यांचा हसरा फोटो एकही नाही. हा बघा."

तिने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा दाखवला. नखाएवढा घड्याळजी तिथे हसत होता. होता तिथेच होता, पण बाहेर येत नव्हता.

"कार्ड काढून बघू का?" जावई म्हणाला.

"त्या झाकणाला हात लावलात तर याद राखा!"

झाकणावरची चिकटपट्टी माईंनीच लावलेली होती. गेल्या वर्षी कार्ड काढता-घालता आतली पिन वाकली. दुरुस्ती करणाऱ्याने ती कशीबशी सरळ केली आणि बजावलं, पुन्हा वाकली तर पिनही जाईल आणि कार्डही. तेव्हापासून कार्ड आतच राहायचं. फोटो उतरवायचे ते फक्त वायरीने.

"दुसरी वायर?"

"या जुन्या तोंडाची घरात एकच, माझ्या छोट्या दिव्याची," जावई म्हणाला. "पण ती कालपासून सापडत नाहीये. दिवा चार्ज करायचाही राहिलाय."

"आणि सापडली तरी काय उपयोग?" थोरला तडकला. "तोंड तुटलंय म्हणतोय ना मी! आई, मी हज्जार वेळा सांगितलं, कॅमेरा हिच्या हातात देऊ नकोस. आता तरी ऐक. हिला काउंटरवर बसव. त्या मुलीला मी सांगतो, फोटो गेले."

धाकटीने डोळे पुसले नाहीत. नुसती कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

माईंच्या डोक्यात सणक गेली. ती कोणावर, ते त्यांना नेमकं कळेना. म्हणून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"धाकटे, खरं बोल. पाडलास?"

"नाही. पट्टा गळ्यात होता."

"जावईबापू, लॅपटॉपवर काही नवं चढवलंत?"

जावई चाचरला. "काल रात्री... म्हणजे, तो आपोआप काहीतरी घेतो, आई."

"बघा! हा आणखी एक शहाणा," थोरला म्हणाला.

"तुला विचारलं का? जावईबापू, तो फोटो साठवायचा दांडका आहे ना तुमचा? तो याच भोकात घाला."

जावयाने वायर काढून पेनड्राइव्ह लावला. टुंग! लॅपटॉप वाजला आणि जुने फोटो पडद्यावर आले.

"म्हणजे लॅपटॉपचं तोंड शाबूत आणि कानही शाबूत. आता परत वायर लावा."

वायर लावली. लॅपटॉप मुका. पण कॅमेऱ्याच्या कडेला बारीक नारिंगी दिवा लागला. माईंनी वायर उपटली, दिवा गेला. लावली, लागला. चार वेळा त्यांनी तेच केलं.

"हा दिवा कसला?"

"चार्जिंगचा," धाकटी म्हणाली.

"म्हणजे वीज आत जातेय. तुटलेल्या तोंडाने कोणी पाणी पितं का रे?"

"वीज जाते, निरोपाची पिन तुटली असेल," थोरला लगेच म्हणाला. "आई, तुला यातलं कळत नाही."

"नाहीच कळत. फोन किती वाजता आला त्या मुलीचा?"

"बाराला," जावई म्हणाला. "दादानेच घेतला."

"आणि धाकटीला कधी कळलं?"

"अडीचला," धाकटी म्हणाली. "दादा जेवून खाली आले तेव्हा."

थोरल्याने खांदे उडवले. "जेवायचं पण नाही का माणसाने?"

माईंनी वायर हातात घेतली. वायरींवरची अक्षरं त्यांना वाचता येत नसत, म्हणून प्रत्येक वायरीला त्यांनी दोरा बांधला होता. प्रिंटरला हिरवा, दिव्यांना पिवळा, कॅमेऱ्याला लाल. घरातल्या सगळ्यांनाच त्या खुणेची सवय झालेली. लाल दिसली की कॅमेऱ्याला लावायची, कोणी वायरीकडे बघतसुद्धा नसे.

ही लाल होती. जरा जास्तच लाल.

माईंनी डोळे मिटले आणि गाठीवरून अंगठा फिरवला. तीन वेढे, टोक मधून ओवलेलं. त्यांचीच गाठ. पूर्वी फोटोंची पाकिटं त्या अशीच बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुटू नयेत म्हणून. आता काउंटरवर धाकटी पाकिटाला चिकटपट्टी लावते आणि जावई रबर. ती गाठ दोघांनाही कधी जमली नाही.

अंगठा एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. मग थांबला.

माई उठल्या. "मी वर जाऊन येते. कोणी जागचं हलायचं नाही."

वर जाऊन त्या पाच मिनिटांत परत आल्या. दम लागला होता, पदर मुठीत आवळलेला. मूठ उघडली, तर आत एक वायर. तिच्यावरचा लाल दोरा मळून विटकरी झालेला.

थोरल्याच्या हातांची घडी सुटली.

"लाव गं धाकटे."

धाकटीने वायर लावली.

टुंग!

पडद्यावर चौकटींमागून चौकटी उमटल्या. सातव्या चौकटीत घड्याळजी हसत होता, आता हातभर मोठा.

"कुठे सापडली?" जावयाने विचारलं.

"मिक्सरच्या पोटात. चादरीवर उपडं घातलंय ना त्याचं बूड, त्याच्या आत. हात लावायला सगळ्यांना बंदी, म्हणजे लपवायला तिजोरीच की." बोलत होत्या जावयाशी, पण माईंची नजर थोरल्यावर होती. "तुमचा दिवाही चार्ज होईल, जावईबापू. इतका वेळ लाल दोरा नेसून बसली होती ती तुमच्या दिव्याची वायर. वीज पोचवते, निरोप पोचवत नाही. दिव्याला निरोप लागतो कशाला?"

"आई, ते कोणीही केलं असेल," थोरला म्हणाला. "दोरा तुझ्या शिवणाच्या डब्यातला. डबा काय, सगळ्यांनाच मोकळा."

"डब्याचं नाव मी काढलं होतं का?"

थोरल्याने वायरीवरची नजर काढून घेतली.

"माझा संशय आधी जावईबापूंवर गेला. मग हिच्यावर. तुझ्यावर कसा जाईल? तू माझा थोरला. पण मिक्सर घरघरला तर तू त्याला दोन दिवस फाडून बसतोस. पंख्याचा एकेक पेच मोजतोस. आणि एवढा कॅमेरा बंद पडला, तर स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर नाही! हात न लावता सांगितलंस, गेला. जन्मात पहिल्यांदा तुझ्या तोंडून हा शब्द ऐकला मी. जे बिघडलेलंच नाही ते उघडायचं कशाला, होय ना?"

"एवढ्यावरून..."

"गाठीवरून! दुसरी कुठली गाठ बांधतास तर मी लगेच ओळखलं असतं, म्हणून माझीच बांधलीस. ती या घरात दोघांनाच येते. आठ वर्षांचा असताना मांडीवर घेऊन शिकवली होती तुला. पण माझे वेढे उजवीकडे फिरतात. हे डावीकडे फिरलेत. डावखुऱ्याचे."

जावयाने फोटो छपाईला लावला होता. कागद हळूहळू बाहेर सरकत होता, आधी केस, मग कपाळ. आठ्या नव्हत्या.

"लोक येतात आणि म्हणतात, ताईंनाच काढू दे," थोरला शेवटी म्हणाला. मान खाली. "माझ्यासमोर म्हणतात. मी वीस वर्षं काढतोय. रविवारी मीच 'दुरुस्त' करणार होतो. म्हातारा जाईल हे मला काय माहीत?"

"बारा वाजता माहीत झालं. बाराला फोन तूच घेतलास. माझ्यासमोर बसून दोन घास जास्त घेतलेस, हातभरावर तो मिक्सर, त्याच्या पोटात ती वायर. तेव्हासुद्धा तुझा हात पुढे झाला नाही."



भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा, म्हणजे अगदी वेळेवर, घड्याळजींची मुलगी आली. हातात प्रवासाची बॅग. धाकटीने फोटो पुढे ठेवला. मुलीने तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला.

"बाबांचा तो पुढचा दात तुटका होता?" ती हळूच म्हणाली. "मला कधी दिसलाच नाही."

पाकीट बांधायला धाकटीने चिकटपट्टी शोधली. ती संपली होती. मग तिने कुठलातरी दोरा घेतला आणि आपली साधी, वेडीवाकडी गाठ मारली. मुलगी ते छातीशी धरून गेली.

दार लागलं. माई काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. आवाज चढवायची त्यांना गरज वाटली नाही.

"इकडे बघ," त्या थोरल्याला म्हणाल्या. "उद्यापासून काउंटरवर तू बसायचं. कॅमेरा हिचा. लोक येतील, ताई कुठेत म्हणून विचारतील, तू उठून ताईंना हाक मारायचीस, हसत. आज वर जाऊन मिक्सर जोड. आणि हे दोरे मी सगळे कापून टाकणार आहे. यापुढे या घरातल्या वायरींना धाकटी गाठ मारेल, तिच्या पद्धतीने. ती पद्धत मी शिकेन, जावईबापू शिकतील. तुला कोणी शिकवायची नाही."