दहा आकडे

गल्लीत सगळे त्याला टॉवरवाले म्हणत. टॉवरवर तो उभ्या जन्मात चढला नव्हता. लोकांच्या घरी वायफाय बसवायचा आणि कुठल्या खोलीत नेट नीट पोचतं, कुठे धापा टाकतं, ते मीटरने मोजून सांगायचा. त्यामुळे त्याच्याच लेकीच्या खोलीत नेट तुटायला लागलं, तेव्हा बायकोला आयतं कोलीत मिळालं.

"जगाच्या घरी नेट पोचवता. उद्या चिंगीची कॉलेजची मुलाखत, ती काय गच्चीत बसून द्यायची तिने?"

रविवारची दुपार होती. चिंगी स्वयंपाकघरात आईबरोबर कणीक मळत होती. राऊटर पॅसेजमध्ये, त्याच्यासमोर खोलीचं उघडं दार, त्याच सरळ रेषेत आत खुर्ची आणि तिच्यापुढे टेबल. त्याने मीटर टेबलावर ठेवलं. ऐंशी. वा, म्हणेपर्यंत आकडा सत्तरवर आला आणि तिथेच बसला.

हे दहा आकडे त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी सिग्नल गिळतं. राऊटर आणि मीटरच्या मधे कोणी उभं राहिलं, की दहा आकडे गेलेच. चिंगी लहानपणी मुद्दाम मधून पळायची आणि विचारायची, "बाबा, मी किती खाल्ले?" "दहा," तो सांगायचा. मग ती ढेकर देऊन पोटावरून हात फिरवायची.

आत्ता मधे कोणी नव्हतं.

त्याने पंखा बंद केला, खिडकी लावली, भिंतीवरचा आरसा उतरवून बाहेर ठेवला. सत्तरच. शेवटी तो स्वतः मधे उभा राहिला आणि मान वळवून पाहिलं. साठ. दोन माणसांचा आकडा.

"कोण आहे?" त्याच्या तोंडून निघून गेलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

मग दाराकडे तोंड करून, मीटर छातीशी धरून तो एकेक पाऊल मागे सरकू लागला. उंबऱ्यात ऐंशी. एक पाऊल आत, ऐंशी. कपाटापाशी सत्तर. म्हणजे जे काही होतं ते त्याच्या पुढ्यात होतं, हातभर अंतरावर. तिथे नुसता उन्हाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी धूळ.

त्याने पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात केली. या वेळी कपाटापाशी ऐंशी. खुर्चीच्या अलीकडे ऐंशी. खुर्चीच्या पलीकडे टेबलापाशी गेला आणि सत्तर.

खुर्चीवरच्या उशीला साधी सुरकुतीही नव्हती.

"चिंगे, इकडे फिरकू नकोस," तो ओरडला. मीटर टेबलावर ठेवून तो पॅसेजमध्ये आला आणि राऊटर बंद करून पुन्हा लावला. दुसरं काही सुचतच नव्हतं. वाकून तो दिवे लागायची वाट पाहत राहिला. एक लागला. दुसरा लागला.

नको म्हटलं की आधी तेच करायचं, ही चिंगीची जुनी खोड. ती त्याच्या पाठीमागून कधी गेली, त्याला कळलंही नाही. आत खुर्ची करकरली.

तो धावला.

ती दाराकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. "आलं की नेट, बाबा."

भिंतीच्या कडेने आत शिरून त्याने मीटर पाहिलं. ऐंशी. त्याचा जीव भांड्यात पडला. गेलं, जे होतं ते गेलं.

मग त्याच्या लक्षात आलं, की राऊटर आणि मीटरच्या बरोबर मधे चिंगी बसली आहे.

तो हळूच तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. सत्तर.

बाजूला झाला. ऐंशी.

चिंगीने खुर्ची वळवली. गालावर तोच तीळ, बोटांना कणीक.

"बाबा, मी किती खाल्ले?"

त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं. ऐंशीच.

"दहा," तो म्हणाला.

तिने हसून पोटावरून हात फिरवला.