निरोपाचे पद

नोव्हेंबरच्या अठरा तारखेस, मंगळवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी यमुना बँक मेट्रो स्थानकावर धाकट्या भावाची वाट पाहत उभा होतो. मी वैशालीहून आलो होतो आणि सुधन्वा द्वारकेहून यावयाचा होता. हवा इतकी धुरकट होती की समोरच्या फलाटावरील माणसांना चेहरे नसावेत, असा भास होत होता. गळ्याभोवती मफलर गुंडाळून सुधन्वा गाडीतून उतरला आणि बोलण्याऐवजी त्याने केवळ हात हलविला. त्या दिवशीचा सारा आवाज त्याने राखून ठेविला होता.

माझे शिक्षण नववीपर्यंतच झालेले आहे. चौतीस वर्षे मी केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई होतो. परंतु दिल्लीतील आमच्या नाट्यमंडळींस ऑर्गनची साथ करण्याचे भाग्य मजला तितकीच वर्षे लाभले. सुधन्वा माझ्याहून अधिक शिकला, सेक्शन ऑफिसर झाला आणि गाऊ लागला. ‘संगीत वचननामा’ या नाटकात तो तात्यासाहेब निंबाळे या खासदारांची भूमिका करीत असे. एकशे बारा प्रयोग झाले. दुष्काळी मुलुखाला पाणी देण्याचे वचन देऊन तात्यासाहेब दिल्लीस आले, वचन पुरे झाले नाही, आणि अखेरच्या सभेत लोक ‘बोला, आणखी बोला’ म्हणत असताना ते व्यासपीठावरच कोसळले, असे ते कथानक होते. कोसळण्यापूर्वी ते लोकांजवळ निरोप मागतात, ते शेवटचे पद.

संगीत नाटकाची रीत सर्वांस ठाऊक आहे. पद रंगले की प्रेक्षकांतून ‘वन्समोर’ येतो. तो आला की ऑर्गनवाल्याने तत्क्षणी सूर द्यावयाचा आणि नटाने पद पुन्हा म्हणावयाचे. परंतु निरोपाच्या पदास आमच्याकडे वन्समोर कधीही घेत नसत. जो निरोप मागून निघाला त्यास माघारी बोलावू नये, असा मंडळींचा दंडक होता. प्रेक्षकही तो पाळीत. एकशे बारा प्रयोगांत त्या पदानंतर कोणी ब्र काढला नव्हता.

या नाटकाचा आता चित्रपट होत होता. दिग्दर्शक जयेश हा आपल्याच मंडळींतला, दिल्लीत वाढलेला मुलगा. त्याने चौदा पदांपैकी नऊ गाळली. शेवटचे पद मात्र त्यास कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गाऊन हवे होते.

“काका, प्लेबॅक घेतला ना, तर मरणारा माणूस पण मेकअप करून बसल्यासारखा दिसतो,” तो म्हणाला होता. “सच्चा आवाज पाहिजे. बस, एक टेक.”

अडचण सुधन्वाच्या गळ्याची होती. जुलैमध्ये त्याच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली होती. चित्रणाच्या आधीच्या रविवारी त्याची पत्नी प्रमोदिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिने गॅस बारीक केला.

“दादा, डॉक्टर म्हणाले, आता फाटलं तर शिवायला कापड उरलेलं नाही. हे माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी सांगा.”

“अगं, त्याला हे करायचंच आहे. काल म्हणाला, गळा जायचाच आहे, तर जायच्या आधी कुठेतरी राहू दे.”

“राहू दे ना. पण एकदाच. दुसऱ्यांदा गायला लागले तर तुम्ही ऑर्गनचं झाकण लावून टाका. सुराशिवाय हे एक ओळ म्हणत नाहीत, मला माहीत आहे.”

“लावतो.”

“असं नाही. शब्द द्या.”

मी शब्द दिला. तिने पुन्हा गॅस मोठा केला.

चित्रणासाठी नोएडाच्या सेक्टर बासष्टपलीकडील एका बंद पडलेल्या कारखान्याचे सभागृह भाड्याने घेतले होते. कामगारांच्या सभांसाठी बांधलेल्या त्या सभागृहात चारशे खुर्च्या होत्या. उठताच ज्यांची बैठक स्प्रिंगने आपोआप वर मिटते, अशा त्या लोखंडी खुर्च्या होत्या. सर्व बैठका मिटलेल्या होत्या आणि त्यांवर धूळ होती. उंच झरोक्यांतून पिवळसर उजेड उतरत होता. ओल्या सिमेंटचा व जुन्या ग्रीसचा वास येत होता.

“जयेश, माणसं कुठे आहेत?” मी विचारले.

“पब्लिक नंतर येणार, काका. कंप्यूटरवर भरू. आपले जेमतेम नऊ जण आहोत इथे.”

ध्वनिमुद्रण करणारी उत्तरा, केस आखूड कापलेली, शांत मुलगी, तिने सुधन्वाच्या कोटाच्या आत छातीवर एक लहान माइक लाविला. दुसरा तिने खुर्च्यांच्या मधोमध काठीवर उभा केला.

“हा कशाला?” सुधन्वाने हळूच विचारले.

“हॉलचा आवाज पकडायला, सर. रिकामा हॉल पण वाजतो.”

अकरा वाजता सुरुवात झाली. ऑर्गन व्यासपीठाच्या डाव्या अंगास, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर ठेविला होता. मी भात्यावर पाय ठेवून काळी दोनचा सूर दिला. सुधन्वाने डोळे मिटले.

द्या मज आता निरोप, लोकहो,
वाट पुरी ही झाली…

इतके निर्मळ गायन त्याने यापूर्वी केले नव्हते. शेवटच्या ओळीस तो गुडघ्यांवर आला, आडवा झाला, आणि निश्चल पडला. कोणी हलले नाही. जयेशने ‘कट’ म्हणण्यासाठी हात उचललेला मला स्पष्ट दिसला.

त्याच वेळी खुर्च्यांमधून आवाज आला.

“वन्समोर.”

तो आवाज मोठा नव्हता. थकलेल्या, वयस्कर, पुष्कळ काळ बसून राहिलेल्या माणसाचा तो आवाज होता. मी विचार केला नाही. मी विचार केला असता तर आज हे लिहीत नसतो. चौतीस वर्षांची सवय माझ्या पायांत होती. पाय भात्यावर पडले, बोटे पट्ट्यांवर गेली, आणि मी सूर दिला.

सुधन्वा उठून उभा राहिला आणि पुन्हा गाऊ लागला.

जयेशने हात खाली घेतला. कॅमेरामनला तो कुजबुजला, “रोल होऊ दे, रोल होऊ दे.” त्यास वाटले, आम्ही दोघे भाऊ आपखुशीने दुसरा टेक देत आहोत.

पद संपताच मी धावत सुधन्वापाशी गेलो. त्याने रुमाल तोंडास लाविला होता. रुमालावर रक्ताचा ठिपका होता.

“तू का उठलास?” मी म्हणालो.

“तू सूर दिलास, दादा.”

“ऐकलंस ना तू? कोण ओरडलं?”

“ऐकलं. पण तू सूर दिलास म्हणून उठलो. नाहीतर पडून राहणार होतो.” त्याने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती मी विसरू शकत नाही. तीत राग नव्हता.

मी उत्तरास विचारले. तिने हेडफोन कानांवरून सरकविला. “कोणीच बोललं नाही, अंकल. तुम्ही सूर दिलात, सर उठले. मला तर वाटलं, ठरवून केलं.”

“कोणी मस्करी करत असेल तर सांगा,” मी सर्वांस मोठ्याने म्हणालो. “आजारी माणूस आहे तो.”

“काका, टेन्शन नका घेऊ,” जयेश माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “दोन टेक मिळाले, बिल्कुल सोनं. पॅक-अप. घरी जा, काकूंना सांगा, गरम दूध पाजा.”

माझ्या जिवात जीव आला. सुधन्वाचा कोट आणावयास मी वळलो, तेव्हा दृष्टी सभागृहाकडे गेली. सातव्या रांगेतील एका खुर्चीची बैठक खाली झालेली होती. मी खाली उतरून तेथे गेलो. हाताने ती वर ढकलून पाहिली. ती वर जाईना. स्प्रिंग मोडलेली असावी, असे मी मनास सांगितले. शेजारच्या खुर्चीची बैठक मी दाबली व सोडली, ती धाडकन वर मिटली. पुन्हा पहिलीवर हात ठेविला. लोखंड कोमट लागले.

मी व्यासपीठाकडे परत निघालो. पाठीमागून, एका मागोमाग, करकरत, बैठका खाली होऊ लागल्या.

मी मागे पाहिले नाही.

“दिवे राहू दे जरा,” जयेश कोणास तरी सांगत होता. त्यास ते करकरणे ऐकू येत नव्हते. एकालाही ऐकू येत नव्हते. सुधन्वा मात्र व्यासपीठाच्या मध्यभागी येऊन उभा राहिला होता आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, सभागृहाकडे पाहत होता. भरलेल्या प्रयोगाला पडदा उघडताच त्याची मुद्रा जशी होई तशी झाली होती.

“वन्समोर,” खुर्च्यांमधून आवाज आला. आता तो एकाचा नव्हता.

मी ऑर्गनपाशी पोचलो आणि झाकण लाविले. त्यावर दोन्ही हात ठेवून बसलो. पाय भात्यावरून काढून जमिनीवर रोविले. प्रमोदिनीस दिलेला शब्द मी आता पाळीत होतो.

“सुधन्वा, चल,” मी म्हणालो. “सूर नाहीये. चल घरी.”

त्याने मान हलविली. नाही म्हणून की हो म्हणून, ते मज कळले नाही.

आणि तो सुराशिवाय गाऊ लागला.

जयेशने घाईघाईने कॅमेरा सुरू करविला. उत्तराने हेडफोन दाबून धरिला. मी सुधन्वापासून चार हातांवर होतो. त्याचे ओठ हलताना, गळ्याची शीर फुगताना दिसत होती. आवाज मोठा, मोकळा, तरुण येत होता. परंतु तो खुर्च्यांच्या बाजूने येत होता. रिकाम्या सभागृहाचा प्रतिध्वनी असेल, असे मी समजलो.

शेवटची ओळ झाली.

तो गुडघ्यांवर आला.

मी त्यास पडू दिले नाही. धावत जाऊन मांडीवर घेतले. तोंडातून रक्त येत होते. तो काही सांगू पाहत होता, आणि केवळ वारा बाहेर येत होता.

“अॅम्ब्युलन्स!” मी ओरडलो.

“काका, काय अॅक्टिंग आहे,” जयेश डोळे पुशीत म्हणाला. मग त्यास रक्त दिसले.

स्ट्रेचर बाहेर नेताना मी एकवार सभागृहाकडे पाहिले. चारशेही बैठका वर मिटलेल्या होत्या.

सुधन्वा वाचला. आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितले की तो परत येणार नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. प्रमोदिनी मला एका शब्दानेही बोलली नाही. मी द्वारकेस गेलो की ती चहा पुढे ठेवते आणि आतल्या खोलीत जाते. त्या पहिल्या वन्समोरला सूर मी दिला, हे सुधन्वाने तिला पाटीवर लिहून सांगितले नसावे. मीही सांगू शकलेलो नाही. तो सकाळपासून खिडकीत बसून असतो. समोरून विमाने खाली उतरतात, ती पाहतो. मी त्यास विचारले, त्या दिवशी कोणास पाहत होतास? त्याने पाटी घेतली, बराच वेळ खडू टेकवून धरिला, आणि काहीही न लिहिता ती परत दिली.

जानेवारीत उत्तराचा फोन आला. तिने मला नोएडातील तिच्या स्टुडिओत बोलाविले आणि जयेशला न सांगण्याविषयी विनविले. दुपारची वेळ होती. तिने दार लावून घेतले.

“अंकल, तिसऱ्या टेकमध्ये प्रॉब्लेम आहे. सरांच्या छातीवरच्या माइकवर गाणं नाहीच. फक्त श्वास आहे. हे ऐका.”

मी ऐकले. कोणी जिने चढत असल्यासारखा तो श्वास होता.

“मग गाणं कुठून आलं? आम्ही सर्वांनी ऐकलं.”

“हॉलच्या माइकवर आहे. खुर्च्यांमधल्या. पूर्ण, क्लियर.” तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेविला. “मी शेवटपर्यंत एकदाच ऐकलं, यार. परत नाही ऐकणार. तुम्हीच ऐका.”

सुधन्वा गात होता. पद संपले. मग दूरवर, व्यासपीठावरून, ‘अॅम्ब्युलन्स’ म्हणून ओरडणारा माझा आवाज आला. जवळ, माइकलगत, बैठका मिटू लागल्या. धाड, धाड, रांगेरांगेने. पुष्कळ पावले दाराकडे निघाली. त्यांत कोणी खाकरले, कोणी हळू हसले.

आणि त्या पावलांबरोबर सुधन्वाचा आवाज जात होता. प्रयोगानंतर भेटावयास आलेल्या मंडळींशी तो ज्या अदबीने बोलत असे, त्याच अदबीने तो म्हणत होता, “हो, हो. येतो ना. चला, तुम्ही पुढे व्हा.”