हिरवं उत्तर

लाईट गेले नसते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण दुरुस्तीच्या नावाखाली ते गेले, आणि तेही नेमके उर्वीचा जीव टांगणीला लागलेला असताना. लॅपटॉप काखोटीला मारून, एक सर अंगावर घेऊन ती रत्नागिरीत मांडवीजवळच्या कॅफेत शिरली. तिथे चालू प्लग एकच, आणि तो एका चष्मेवाल्या तरुणाच्या पायाशी.

“तुमचं चार्जिंग झालं असेल तर...”

“नाही झालं.” मग तिच्या केसांतून निथळणारं पाणी बघून त्यानं आपली वायर काढली. “पण माझं काही अडलेलं नाही. बसा.”

त्याच्याच टेबलाशी बसावं लागलं. वायर आखूड होती.

गणपतीपुळ्यात घरच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांचा एक संघ होता. त्यांची बुकिंगची वेबसाईट उर्वीनं बनवली होती. एजंटच्या नादी लागू नका, मी आहे ना, असं दारोदार सांगत तिनं एकेका मावशीला त्यात आणलं होतं. मंगळवारी अंगारकी होती. खोल्या भराभर जात होत्या, आणि आज सकाळीच इशारा आला होता: फोटो चढवायच्या भागात दोष सापडलाय, धोका दहापैकी नऊ पूर्णांक आठ, आणि दुरुस्ती बुधवारशिवाय मिळणार नाही. संघाचे अध्यक्ष गोपाळकृष्णकाका फोनवर म्हणाले होते, “चारपर्यंत खात्री दे, नाहीतर साईट बंद. लोकांची आधारकार्डं आहेत गो त्यात.” ऐन अंगारकीला बंद, म्हणजे सगळ्या मावश्या परत एजंटच्या दारात. आणि पुन्हा उर्वीवर विश्वास कोण ठेवणार?

“नऊ पूर्णांक आठ?” शेजारून आवाज आला. “मोठंच प्रकरण दिसतंय.”

“दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय आहे वाटतं?”

“वायर आखूड आहे,” तो साळसूदपणे म्हणाला. “त्याला मी काय करू?”

एवढ्या काळजीतही उर्वीला हसू आलं... आणि ते त्यानं पाहिलं.

त्याचं नाव उन्मेष. बेंगळुरूला असल्याच भानगडी निस्तरायचं काम करायचा आणि आठवडाभर आत्याकडे आला होता. त्यानं तिला एक वेब टूल उघडून दिलं. त्यात दोषाचा क्रमांक टाकायचा, आपली साईट कशी चालते त्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मग ते सांगतं, की हा दोष वापरून तुमच्याकडे खरंच कुणी शिरू शकेल, की ही नुसती हूल आहे.

“दोष सगळीकडे तोच,” उन्मेष म्हणाला. “पण घर ज्याचं त्याचं वेगळं असतं ना?”

उर्वी भराभर उत्तरं देत गेली. फोटो कोण चढवतं? फक्त घरमालक. लॉगिन लागतं? हो. ते प्रत्येकाचं स्वतंत्र आहे? हो.

पान हिरवं झालं. धोका किरकोळ.

“सुटलात!” तो म्हणाला. “आता कॉफी तुमच्याकडून.”

उर्वीनं काकांना फोन लावायला मोबाईल उचलला... आणि तिचा हात थांबला. डोळ्यांसमोर तुळसामावशीची पडवी उभी राहिली होती. त्या पडवीच्या भिंतीवर निळ्या रंगात वायफायचा पासवर्ड लिहिला होता आणि त्याखाली साईटचं लॉगिन. आपलं विसरलं की सगळी आळी तेच वापरायची.

काही न बोलता हे हिरवं पान पाठवून दिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? समोर बसलेल्या उन्मेषलासुद्धा कळलं नसतं.

“शेवटचं उत्तर खोटं आहे,” ती म्हणाली, आणि तिनं ते बदललं. पान लालभडक झालं.

भिंतीची हकीकत ऐकून उन्मेष आधी पोट धरून हसला. मग त्यानं तिच्याकडे नव्यानंच पाहिलं. “चला,” तो म्हणाला. “गाडी आहे ना तुमची?”

आरे-वारेच्या रस्त्यानं स्कूटर गणपतीपुळ्याकडे निघाली तेव्हा समुद्रावर ऊन होतं आणि यांच्या डोक्यावर पाऊस. मागं बसलेला उन्मेष वळण आलं की दचकायचा, आणि उर्वी मुद्दाम वेग वाढवायची.

“मावशी, हे भिंतीवर कशाला?” पडवीत शिरताच उर्वीनं विचारलं.

“अगो बाय, पावणे सारखे इचारतात! माज्या काय ध्यानात ऱ्हात नाय. म्हणून लिवून ठेवलाय,” तुळसामावशी म्हणाली. तिची नजर मात्र उन्मेषवर होती. “ह्यो कोण?”

“हे... मदतीला आलेत.”

“असां?” मावशीनं तो शब्द चांगला लांबवला. उर्वीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

उन्मेषनं स्वतः भिंतीला चुना फासला. मावशीनं नवा पासवर्ड पाठ फिरवून, एका बोटानं टाइप केला आणि विजयी मुद्रेनं म्हणाली, “आता तुला पण सांगायची नाय!” मग दोघं आळीतलं एकेक घर फिरले आणि ज्याचं त्याला लॉगिन करून दिलं. चारच्या आत उर्वीनं टूलमध्ये पुन्हा उत्तरं भरली. पान हिरवं झालं, आणि या वेळी ते खरं होतं. साईट चालू राहिली.

उन्मेष रविवारी जाणार होता. “अंगारकी बघून जातो,” म्हणाला. मंगळवारी तो मावशीकडे मोदक वाढत होता. “दुरुस्ती बसलेली बघून जातो,” म्हणाला. बुधवारी तीही बसली. आता मात्र त्याच्याकडे सबब उरली नाही.

गुरुवारी संध्याकाळी उर्वी त्याला बसथांब्यावर सोडायला आली. पाऊस भुरभुरत होता. एका छत्रीत दोघं उभे होते, आणि छत्री तरी केवढी...

“मी गेलो तर चालेल ना?” त्यानं विचारलं.

“चालेल की. न चालायला काय झालं?”

त्यानं मान हलवली. बस आली. त्यानं बॅग उचलली, पायरीवर एक पाय ठेवला. कॅफेत मोबाईलवर थांबला होता तसाच, निरोपासाठी उचललेला उर्वीचा हात थांबला.

“उन्मेष... थांबा. ते हिरवं उत्तर होतं.”

“आणि खरं?”

“खरं म्हणजे... चालणार नाही.” तिनं छत्री पायरीपर्यंत पुढं केली. “अजिबात चालणार नाही.”

“येताय का, साहेब?” क्लीनर ओरडला.

“नाही,” उन्मेष म्हणाला आणि खाली उतरला. बस निघून गेली. “आत्याला सांगून आलोय, रात्री माझं ताट मांड म्हणून.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“छे! जीव नुसता टांगणीला लागला होता. पण खोटं उत्तर देऊन तुला राहवत नाही, एवढं बघितलं होतं.”

पहिल्यांदाच तो ‘तू’ म्हणाला होता. उर्वीनं त्याच्या बॅगेचा एक बंद आपल्या हातात घेतला.

“चल,” ती म्हणाली. “ताट निवेल तुझं.”