दोनदा रिकामी झालेली सिरिंज

हे घडलेलं आहे. मोहिनी सिस्टर म्हणाली होती, कोणाला सांगू नका. आता तिची बदली झाली, आणि मला एकटीला हे झेपत नाही.

साल दोन हजार चोवीस. दिवाळीनंतरचा आठवडा, दुपारचे दोन. धारूरकडच्या डोंगरातलं आमचं आरोग्य उपकेंद्र. मी तिथे परिचर होते. झाडलोट करायची, पाणी तापवायचं, बाळंतिणीजवळ बसायचं.

सुकन्या नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी.

तिचं पहिलं बाळ ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मलं होतं. अठराव्या दिवशी नाकातून रक्त येऊन ते दगावलं. म्हणून या बाळाला रक्त गोठण्याचं, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन चुकवायचं नव्हतं.

बाहेर ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. सुकन्याचा नवरा बिभीषण दारात आला.

"सिस्टर, उरका की. मुकादम शिव्या घालायलाय."

"मुकादमाला म्हणावं, पुढच्या टायमाला तूच हो बाळंत," सिस्टर म्हणाली. "दोन दिवस थांबा म्हटलं तर ऐकत न्हाई तुमी."

तिने काचेची छोटी कुपी फोडली. अर्धा मिली औषध सिरिंजमध्ये ओढलं, हवा काढली, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मी बाळाचा पाय धरला. ती कापसाने मांडी पुसू लागली.

आणि...

चुक्. चुक्.

बाळ दूध ओढतं, तसा आवाज.

माझ्या हातातल्या बाळाचे ओठ मिटलेले होते.

सिस्टरने सिरिंज उचलली. रिकामी!

"वत्सलाबाई, सांडलं का तुमी?"

"न्हाई वो. मी हातबी लावला न्हाई."

ट्रे कोरडा. फरशी कोरडी.

तिने नवी सिरिंज घेतली, दुसरी कुपी फोडली. या वेळी सिरिंज खाली ठेवलीच नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई नेली आणि...

चुक्.

आमच्या डोळ्यांदेखत औषध कमी होत गेलं. दट्ट्या जागचा हललासुद्धा नाही.

सिस्टरने सुई मागे घेतली. बाहेर हॉर्न वाजत होता.

"राहू द्या, तसंच नेतो," बिभीषण म्हणाला.

"अन् पहिल्यावानी झालं म्हंजे?" खाटेवरून सुकन्या ओरडली. "सुई दिल्याबिगर मी हालत न्हाई!"

सिस्टरने तिसऱ्या कुपीला हात घातला. मी तिचं मनगट धरलं. का धरलं, मला अजून सांगता येत नाही. फुटलेली कुपी उचलली आणि एकेक अक्षर जुळवत वाचली.

ते बाळाचं औषध नव्हतं.

आईचं होतं. गर्भपिशवी आकसवून रक्तस्राव थांबवायचं. आईच्या आणि बाळाच्या, दोन्ही औषधांच्या कुप्यांची काच तपकिरी, आणि घाईत दोन्ही एकाच ट्रेमध्ये आल्या होत्या. ते बाळाला गेलं असतं तर श्वास थांबला असता.

मला हे ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी, त्याच खोलीत, तेव्हाच्या सिस्टरने माझ्याकडे बाळाची कुपी मागितली होती. मला वाचता येत नव्हतं. मी रंग बघून दिली. तिनेही न वाचता टोचली. गीताबाईचा मुलगा झटके येऊन निळा पडला आणि गेला. ती कुपी मी मागच्या उकिरड्यात पुरली. कोणाला कळलं नाही.

त्यानंतर मी कुप्यांवरची इंग्रजी अक्षरं शिकले.

सिस्टरने आईची औषधं उचलून कपाटात ठेवली. बाळाची कुपी घेतली, नाव मोठ्याने वाचलं, मलाही वाचायला लावलं. मग सुई दिली. बाळ कडाडून रडलं. ट्रक गेला. ती पोर आज चालते.

त्या दिवशी मी घरी आले आणि ओटीपोटात कळ उठली. बाळंतपणाची. सरळ उभं राहवेना. लुगडं वर केलं तर मांडीवर...

सुईचे दोन लाल ठिपके.

माझी गर्भपिशवी पस्तिसाव्या वर्षीच काढली आहे. ऊस तोडायला जायचं, पाळीची कटकट नको, म्हणून काढली होती. आमच्याकडे पुष्कळ बायकांची काढलेली आहे.

मग माझ्या आत आकसत काय होतं?

कळा अजून येतात. दुपारीच येतात. शेजारची गीताबाई माझं कण्हणं ऐकून गरम पाण्याची पिशवी घेऊन येते, पोटावर धरून बसते.

"काय होतंय गं वत्सला? सांग की."

मी भिंतीकडे तोंड करते. आणि तिच्यामागे, जिथे कोणी नाही तिथे...

चुक्. चुक्.