सावनीची फुंकर

औषध घेतलं, तरी रक्तातली साखर जिथल्या तिथे! सावनीच्या मनगटावरची साखर मोजणारी पट्टी दुपारी पुन्हा लाल झाली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. रात्री जेवणानंतरही ती हिरवी झाली नाही, तर उद्याची कासची सहल रद्द. आईने तसं ठणकावून सांगितलं होतं.

"तुमची पावडर कुचकामी आहे, आप्पा!"

आप्पा म्हणजे तिचे आजोबा. नळीतून श्वासाबरोबर ओढायची ही इन्सुलिनची पावडर त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेली, त्यामुळे शब्द चांगलाच झोंबला.

"अगं, इन्सुलिन म्हणजे प्रथिन (डाळीत, अंड्यात असतं त्याच जातीचं द्रव्य). गिळलं तर पोट ते डाळीसारखं पचवून मोकळं होतं. म्हणून तर इतकी वर्षं सुया टोचल्या. पण फुप्फुसात वायुकोश (हवेचे इवलेसे फुगे) असतात. त्यांची भिंत इतकी पातळ, की औषध तिथून रक्तात शिरतं."

"मग माझंच घोडं कुठे अडलं?"

"कण नेमक्या मापाचा लागतो. मोठा असला तर घशातच चिकटतो, फार बारीक असला तर श्वासाबरोबर परत बाहेर! कशी ओढतेस, दाखव बघू."

सावनीने रिकामी नळी तोंडाला लावली, आत जोरात फुंकर मारली आणि मग श्वास ओढला.

"फुंकर कशाला गं?"

"धूळ झाडायला! तुम्ही नाही का चष्म्यावर मारत?"

"मी? छे!" म्हणत आप्पांनी चष्मा काढला आणि सवयीने काचेवर 'हाः' केलं. काच धुरकट झाली. सावनी बघतच राहिली.

"आप्पा, श्वासात पाणी असतं! रांगोळी दमट झाली की तिच्या गुठळ्या होतात ना, तशी माझी पावडरही नळीतच चिकटली. आत पोचणार कशी?"

"शाब्बास! आजोबाची खोड नातीला नडली म्हणायची." आप्पा ओशाळून हसले.

रात्री जेवायला बसताना तिने कोरडी नळी आणि नवी पुडी घेतली. तोंड बाजूला वळवून श्वास सोडला, मग नळीतून एका दमात खोल ओढला. जेवण झालं, भांडी आवरली, आई पट्टीवर डोळे लावून बसली. आणि पट्टी हिरवी झाली! सावनीने आप्पांना मिठीच मारली.

"आणखी कितीतरी प्रथिनांची औषधं अशी देता येतील," आप्पा म्हणाले. "तू मोठी झालीस की बनव."

सकाळी बस सुटली. सावनीने खिडकीच्या काचेवर मनसोक्त 'हाः' केलं आणि त्या धुक्यात बोटाने आप्पांचा चष्मा काढला.