वंशावळीतलं शेवटचं नाव

खोटं वाटलं तर वाटू द्या. ब्याऐंशीव्या वर्षी थापा मारून मला काय मिळणार?

साल १९४४. फाल्गुनातली भर दुपार. श्रीरामपूरजवळच्या एका मिशनच्या शाळेत माझे वडील अण्णा, म्हणजे शामकांत मास्तर, शिकवायचे. मी आठ महिन्यांचा होतो. त्या दिवसाचं सगळं मला अण्णांनी आणि आईनं सांगितलेलं.

मिशनचे फादर एत्येन फ्रान्सच्या एका जुन्या सरदार घराण्यातले. सातशे वर्षांची वंशावळ होती त्यांच्याकडे. तिच्यातल्या एकेका मेलेल्या माणसासाठी ते रोज प्रार्थना करायचे. आता नजर अधू झाली, म्हणून ती मोठ्या अक्षरात उतरवून द्यायचं काम त्यांनी अण्णांना सांगितलं.

अण्णा घरीच लिहीत बसले. चोवीस पिढ्या झाल्या. शेवटचं नाव फादरांचं.

त्याखाली... काहीच नाही.

अण्णा हळहळले. एवढं मोठं घराणं आणि निर्वंश! आमचे अण्णा म्हणजे भोळा सांब. त्यांनी फादरांच्या नावाखाली माझं नाव लिहून टाकलं. रविकांत. मानलेला नातू म्हणून.

शाई वाळली... आणि अंगणात घोडा फुरफुरला.

आईनं दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

पाळण्यात मी टक्क जागा. आईनं हाक मारली, खुळखुळा वाजवला. मी बघेचना.

अण्णा लिहिलेलं तपासत होते. पहिलं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं.

पाळण्यातून आवाज आला... "हूं."

कहाणी ऐकताना आपण हुंकार देतो ना, तसा. पण जाड. बाप्या माणसाचा.

अण्णांना वाटलं, भास झाला. दुसरं नाव वाचलं.

"हूं."

आईनं मला उचललं. अंग गार पडलं होतं. दोघं कागद घेऊन अनवाणीच मिशनकडे धावले.

फादरांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं. त्यांचं मराठी गावकऱ्यांकडून शिकलेलं.

"मास्तर, माजे चार भाऊ पाळन्यातच गेले. समद्यांना आदी आसाच हुंकार फुटला हुता. ह्यो वंश संपावा म्हनून तर मी लगीन न करता फादर झालो."

त्यांनी चाकूनं माझं नाव खरवडलं. कागदाला भोक पडेपर्यंत.

तेव्हा मी रडलो. आई म्हणायची, तुझं रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

पण निघताना फादर म्हणाले, "पोरगं वाचलं. पर ह्येचं नाव त्या मेलेल्यांना कळलं हाय. ह्येला लेकरू झालं, की त्येला आपल्यात बोलावत्याल."

हे अण्णांनी मला कधी सांगावं? माझं लग्न ठरत आलं तेव्हा. पुष्पावती नाव तिचं. मला फार आवडली होती. मी अण्णांवर खूप चिडलो, दोन दिवस जेवलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी नकार कळवला. पुन्हा कुणाला बघायला गेलो नाही.

दुसऱ्याचा वंश राखायला गेले आणि आमचा माझ्यापाशी संपला. शेवटपर्यंत अण्णांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

परवा शेजारी बारसं होतं. आग्रहाचं बोलावणं होतं, तरी गेलो नाही. बाळाच्या कानात नाव सांगतात ना...

तिथं आणखी कोण ऐकत असेल, कुणास ठाऊक.